दोष गुडघ्याचा की क्रँकचा?

कॅडेट, इयत्ता दहावी

'तेज चल'मध्ये आपण मिनिटाला १२० पावले टाकतो. प्रत्येक पाऊल ३० इंचांचे. एखाद्याचा पाय चुकला तर ड्रिल उस्ताद नुसत्या बुटांच्या आवाजावरून ओळखतात आणि पुढच्या चार पावलांत तो दुरुस्त होतो.

सायकलवरही आपण हेच करत असतो. मिनिटाला ६० वेळा पायडल पूर्ण फिरले, म्हणजे दोन्ही पायांचे मिळून १२० दाब झाले. पण सायकलचे एक पायडल चुकीच्या जागी असेल तर ते सांगणारे उस्ताद तिथे नसतात. पाय बिचारा जुळवून घेतो. महिनोन्‌महिने जुळवून घेतो आणि मग एक दिवस गुडघा, घोटा किंवा कंबर बोलायला लागते. तेव्हा आपण म्हणतो, "याचा पाय कमजोर आहे", किंवा घरी म्हणतात, "आता वय झाले."

फायरिंग रेंजवर आपण असे करत नाही. गोळ्यांचा गट घट्ट आहे, पण दरवेळी लक्ष्याच्या एकाच बाजूला पडतो, असे दिसले तर आधी रायफलचे झिरोइंग तपासतात. सायकलचेही तसेच आहे. दुखणे दरवेळी एकाच बाजूला येत असेल, तर शरीराला दोष देण्याआधी सायकल मोजून पाहावी. शरीरात काय बिघडले ते डॉक्टरांनाच कळते. सायकलमध्ये काय बिघडले ते फूटपट्टी आणि दहा मिनिटे असली तर आपल्यालाही कळते. ते कसे, हेच या लेखात सांगतो.

सपाट गाव, अखंड पायडल

माझे घर छत्तीसगडमधल्या भिलाईत आहे. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, अशी आमच्यासारखी बरीच कुटुंबे तिथे आहेत. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांचे गाव वसले. रस्ते रुंद, सरळ आणि सपाट. माझे आजोबा याच कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. पाळी बदलायच्या वेळी गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकलींची कशी नदी वाहायची, हे ते अजून रंगवून सांगतात.

सपाट गावात सायकल चालवणे सोपे, असे सगळ्यांना वाटते. पण त्याची दुसरी बाजू अशी, की सपाट रस्त्यावर उतार मिळत नाही, त्यामुळे पायांना सुट्टीही मिळत नाही. घरापासून गेटपर्यंत पायडल फिरतच राहते.

आता थोडे गणित करू. आजोबांच्या काळ्या सायकलचे चाक २८ इंचांचे आहे. त्याचा घेर सुमारे २.२३ मीटर भरतो. पुढच्या चेनव्हीलला ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदा फिरले की मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल साधारण ५.४५ मीटर पुढे जाते. घर ते गेट जाऊन-येऊन १० किलोमीटर धरले, तर रोज १,८०० हून जास्त फेऱ्या झाल्या. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर साडेपाच लाख. पायडलच्या जागेत सेंटीमीटरभर फरक असेल, तर तो चुकीचा दाब वर्षात साडेपाच लाख वेळा त्याच गुडघ्यावर येतो. एकदा आला तर काही होणार नाही. लाखो वेळा आला तर होते.

आधी भाग ओळखू

पायडल ज्या लोखंडी दांडीच्या टोकाला बसते ती दांडी म्हणजे क्रँक. क्रँक दोन असतात, उजवा आणि डावा. दोघांना जोडणारा आडवा दांडा फ्रेमच्या तळाशी, छर्रे आणि कप यांच्यामध्ये फिरतो. दुकानात त्याला बीबी ॲक्सल म्हणतात.

सायकल बरोबर असेल तर तीन गोष्टी खऱ्या असतात. पहिली, दोन्ही क्रँक एकाच सरळ रेषेत असतात, म्हणजे त्यांच्यात बरोबर १८० अंशांचा कोन असतो. दुसरी, दोन्ही क्रँकची लांबी सारखी असते. तिसरी, दोन्ही पायडले जमिनीला समांतर असतात, आत किंवा बाहेर कललेली नसतात. यांपैकी एक जरी बिघडली तरी दोन पायांना दोन वेगळी कामे करावी लागतात.

चार तपासण्या

सायकल सपाट फरशीवर, मागच्या स्टँडवर सरळ उभी करा. बाजूच्या स्टँडवर ती कलते आणि माप चुकते, म्हणून एकाने हँडल धरून सरळ ठेवली तरी चालेल.

*तपासणी १: कोन.* बीबी ॲक्सलच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. आता उजवा क्रँक पुढे करा आणि उजव्या पायडलच्या दांड्याचा मध्य बरोबर त्याच उंचीवर आणा. क्रँक तसाच धरून डाव्या पायडलच्या दांड्याची उंची मोजा. तीही तेवढीच आली पाहिजे. मग अर्धी फेरी फिरवा, उजवा क्रँक मागे नेऊन पुन्हा समपातळीत आणा आणि डाव्याची उंची पुन्हा मोजा.

ही दुसरी मोजणी महत्त्वाची आहे. कोनच चुकलेला असेल तर डावे पायडल एकदा जितके वर येते, तितकेच दुसऱ्यांदा खाली येते. दोन्ही वेळा ते एकाच दिशेने चुकत असेल, तर क्रँकचा दोष नसून सायकल कललेली आहे किंवा मोजताना गडबड होते आहे.

उंचीतला फरक मिळाला की दहावीची त्रिकोणमिती कामाला येते. फरक भागिले क्रँकची लांबी, म्हणजे त्या कोनाचा साइन. क्रँक १६५ मिलिमीटरचा आणि कोन ५ अंशांनी चुकलेला असेल, तर फरक १४ मिलिमीटरच्या आसपास येतो. डोळ्यांना ५ अंश दिसत नाहीत, पण पट्टीवर १४ मिलिमीटर स्पष्ट दिसतात.

*तपासणी २: लांबी.* बीबी ॲक्सलच्या मध्यापासून पायडलच्या दांड्याच्या मध्यापर्यंत दोन्ही क्रँक मोजा. एका बाजूचा क्रँक कधी बदललेला असेल, तर नवा वेगळ्या लांबीचा असू शकतो. गिअरच्या सायकलींत १६५, १७० आणि १७५ मिलिमीटरचे क्रँक मिळतात आणि बहुतेकांवर आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो. दोन्हीकडचा आकडा एकच हवा.

*तपासणी ३: कल.* सायकलच्या मागे बसा आणि मित्राला क्रँक हळूहळू फिरवायला सांगा. पायडल वर असताना एकीकडे आणि खाली आल्यावर दुसरीकडे कलत असेल, तर क्रँक तरी वाकला आहे किंवा पायडलचा दांडा तरी. असे असेल तर चालवताना प्रत्येक फेरीत टाच आत-बाहेर डोलते आणि संध्याकाळी घोटा दुखतो. नेमके काय वाकले ते पाहायला पायडल काढून हातात धरा आणि आटे असलेले टोक बोटांनी फिरवा. टोक हेलकावे घेत असेल तर पायडलचा दांडा वाकला आहे. सरळ फिरत असेल तर दोष क्रँकमध्ये आहे, किंवा पायडल त्यात तिरके बसले आहे.

*तपासणी ४: ढिलेपणा.* दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आडवे हलवा. दोन्ही मिळून डगमगत असतील तर बीबीचे कप ढिले आहेत किंवा छर्रे झिजले आहेत. आता एक क्रँक घट्ट धरून दुसरा फिरवण्याच्या दिशेने रेटा. एक स्थिर राहून दुसरा किंचित हलला, तर तो क्रँक ॲक्सलवर ढिला आहे. चालवताना प्रत्येक फेरीला येणारा 'टक' असा आवाज बहुधा याचाच असतो.

कॉटर पिन: छोटी पाचर, मोठे काम

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींत प्रत्येक क्रँक ॲक्सलवर एका कॉटर पिनने पक्का केलेला असतो. ही पिन म्हणजे एक पाचरच. गोल खिळ्याची एक बाजू उतरती सपाट केलेली असते आणि ती सपाट बाजू ॲक्सलवरच्या सपाट खाचेला टेकते. पिन ठोकली की पाचर आवळते आणि क्रँक हलत नाही. पुढचा नट पिन निसटू नये म्हणून असतो. पिन आवळण्याचे काम हातोडीचे आहे, नटाचे नाही.

आता खरी मेख इथे आहे. पिनची बाजू उतरती असल्यामुळे क्रँक खाचेच्या बरोबर काटकोनात न बसता त्या उताराएवढा एका दिशेला सरकून बसतो. दोन्ही पिना एकाच रीतीने घातल्या तर दोन्ही क्रँक एकाच दिशेने सारखेच सरकतात आणि त्यांच्यातले १८० अंश कायम राहतात. एक पिन उलट बाजूने घातली तर एक क्रँक पुढे सरकतो, दुसरा मागे, आणि चूक उताराच्या दुप्पट होते. दोन पिनांचा उतार वेगवेगळा घासलेला असेल, तरीही कोन बिघडतो.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा. एक क्रँक पुढे आणि एक मागे असा आडवा ठेवल्यावर एका पिनचा नट वर आणि दुसरीचा नट खाली दिसला पाहिजे. दोन्ही नट वर किंवा दोन्ही खाली दिसले, तर एक पिन उलटी आहे. ही तपासणी पट्टीशिवाय, चालता-चालता स्टँडवरच्या सायकलींकडे पाहूनसुद्धा करता येते.

आजोबांच्या सायकलची गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा आजोबांची सायकल विकायचे ठरत होते. दोनेक वर्षांपासून त्यांचा डावा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी वयाप्रमाणे झीज आहे असे सांगून व्यायाम दिले होते. चालताना त्यांना फार त्रास नव्हता, पण सायकल चालवून आले की गुडघा धरून बसायचे. बाबा म्हणाले, "आता पुरे करा, रिक्षाने जात जा." आजोबा काही बोलले नाहीत. पण सायकल गेली की बाजार, मित्र आणि सकाळचा फेरफटका सगळेच जाणार, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होते.

मी आजोबांना सायकल मोजायची परवानगी मागितली. ते लगेच हो म्हणाले. भिलाईच्या कारखान्यात आगगाडीचे रूळ तयार होतात. वेल्ड करून जोडलेले २६० मीटर लांबीचे रूळही तिथून जातात. आजोबांचे म्हणणे असे, की रूळ सरळ आहे की नाही हे डोळ्याने ठरत नाही, पट्टी लावूनच ठरते. मग सायकलला वेगळा न्याय कशाला?

डावे पायडल मागे असताना १२ मिलिमीटर वर आले. अर्धी फेरी फिरवल्यावर, पुढे असताना, १२ मिलिमीटर खाली. १२ भागिले १६५ म्हणजे ०.०७२७; कोन ४ अंशांहून किंचित जास्त. नट पाहिले, तर दोन्ही एकाच बाजूला. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात पिना बदलून घेतल्या होत्या आणि दुखणेही साधारण तेव्हापासूनचे, हे आजीला आठवले.

दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी अर्ध्या तासात दोन्ही पिना नव्या घातल्या. मी पुन्हा मोजले, फरक १ मिलिमीटरच्या आत आला. आजोबांचा गुडघा त्यामुळे नवा झाला नाही. व्यायाम चालू आहेत, थंडीत तो दुखतोही. पण सायकलवरून उतरल्यावरचे ते वेगळे दुखणे काही आठवड्यांत कमी झाले आणि सायकल विकायचा विषय बंद झाला.

दुरुस्ती करताना

पिन बदलायची झाली तर जुनी पिन दुकानात न्या आणि त्याच जाडीच्या दोन घ्या. एकच बदलू नका, जोडी बदला, म्हणजे दोन्हींचा उतार सारखा राहील. घासायची गरज पडली तर दोन्ही पिना एकाच कानशीने, एकाच उताराने घासाव्यात.

जुनी पिन काढताना नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाशी सपाट येईल इतका सैल ठेवतात, म्हणजे हातोडीने आटे खराब होत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा उभा टेकवून मगच घाव घालावा. टेकू नसेल तर तो घाव थेट छर्ऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. हे काम मिस्त्रींच्या हाताखाली शिकावे, एकट्याने करू नये. नवी पिन ठोकल्यावर एक-दोन किलोमीटर सायकल चालवून पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा, कारण पाचर पहिल्या फेरफटक्यात थोडी बसते.

गिअरच्या सायकलींत कॉटर पिन नसते. बऱ्याच सायकलींत ॲक्सलचे टोक चौकोनी असते आणि क्रँकचे भोकही चौकोनी. तिथे कोन सहसा चुकत नाही. पण बोल्ट ढिला असताना सायकल दामटली, तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक गोलसर होते. मग बोल्ट कितीही आवळा, क्रँक पुन्हा ढिला होणार. तो बदलणे हाच उपाय.

पायडल बसवताना आणखी एक काळजी घ्यावी. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे सुलटे असतात, डाव्याचे उलटे. दांड्याच्या टोकावर आर आणि एल ही इंग्रजी अक्षरे असतात. पाना वरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडले घट्ट होतात, मागे फिरवला की सुटतात. उलट्या आट्यांमुळे डावे पायडल चालवता-चालवता आपोआप सुटत नाही. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचे अमेरिकेत डेटन गावी सायकलचे दुकान होते आणि १९०० मध्ये त्यांनीही न सुटणारे असे पायडल आपल्या सायकलींना दिले होते. चुकीच्या बाजूचे पायडल जोर लावून घातले तर आटे कापले जातात आणि पायडल कायमचे तिरके बसते. सुरुवातीचे दोन-तीन आटे बोटांनीच लागले पाहिजेत.

शेवटी सीट

पायडले समान झाल्यावरच सीटची उंची ठरवा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा पायाचा पुढचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. सीटचे टोक हँडलच्या मध्याकडे सरळ असावे. आपण वाढत्या वयात आहोत, तेव्हा हे माप दर सत्राला पुन्हा घ्यावे लागते. मागच्या वर्षीची उंची यंदा चालत नाही.

चारही तपासण्या बरोबर आल्या, सीटही बरोबर आहे, आणि तरीही दुखते, तर मग सायकलचा पिच्छा सोडा आणि एम.आय. रूममध्ये जा. कोणाकोणाच्या दोन पायांच्या लांबीत थोडा फरक असतो, कधी जुनी दुखापत असते. ते पाहणे डॉक्टरांचे काम आहे. मात्र तेव्हा तुम्ही त्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगू शकाल, की सायकल मोजून झाली आहे.

पुढच्या सायकल मोहिमेच्या आदल्या दिवशी आपण पंक्चर, ब्रेक आणि हवा पाहतोच. त्यात ही दहा मिनिटे वाढवू या. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, एकाने सायकल धरावी, दुसऱ्याने मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. मागे पडणाऱ्या ज्युनियरला 'ढिला' म्हणण्याआधी त्याच्या क्रँकला पट्टी लावावी. कदाचित ढिली त्याची पिन असेल.